शिंगणापुरात आणलेलं दार

सहादेव सुताराने गाडी लेकीच्या घरापुढे उभी केली, तेव्हा शेजारच्या बाया हातातलं काम टाकून बघायला आल्या. गाडीत कडब्यावर एक दार आडवं ठेवलेलं होतं. बाभळीच्या जाड फळ्या, लोखंडी कडी, कोयंडा, शिवाय आतून लावायला अडसर. जामखेडकडून मुक्काम करत करत त्याने ते आणलं होतं.

"अगं बाई, दार!" एक म्हातारी साप दिसल्यासारखी मागे सरली.

शिंगणापुरात घराला दार लावत नाहीत. चौकट असते, उंबरा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादा झाप टेकवतात. राखण शनिदेवाची. त्याच्या नुसत्या नावाने उरलेला मुलूख चळाचळा कापतो, आणि हे गाव त्याच्याच जिवावर उघड्या घरात खुशाल घोरतं. सहादेव उरलेल्या मुलखातला. साडेसाती मागे लागू नये म्हणून दर शनिवारी न चुकता तेल घालणारा.

साळू तान्ह्या पोराला घेऊन बाहेर आली. बापाच्या पाया पडली आणि दाराकडे बघतच राहिली.

"आबा, ह्ये कशापायी?"

"कशापायी म्हंजी? सासू देवाघरी गेली. जावई लढाईवर. घरात तू आन् ह्ये बोटभर लेकरू. मला तिकडं घास गिळंना."

लढाई थांबून दोन महिने झाले होते. आसपासच्या गावांतले जवान सुट्टीवर येऊन परतही गेले. साळूच्या नवऱ्याबद्दल, गोरक्षनाथबद्दल, मात्र पलटणीकडून एवढंच कळलं होतं की तो सापडत नाही, शोध चालू आहे. त्यानंतर कुणी काही कळवलं नव्हतं. सहादेवने दार गाडीतून खाली सरकवलं, पिशवीतून पटाशी काढली आणि तो चौकटीवर खुणा करायला लागला.

"आबा, हितं दार चालत न्हाई."

"देवाला मी सांगतो. काय द्यायचा त्यो दंड माझ्या डोक्यावर दे म्हनावं."

"तुमाला भ्याव तरी कशाचं वाटतंय?"

"कोन येईल, काय सांगंल, ह्येचं." त्याची जीभ अडखळली. "कायबी वाईट..."

"वाईट बातमी कडी लावल्यानं बाहीर ऱ्हाती व्हय?"

सहादेवने पटाशीवर जोरात घाव घातला. चौकटीचा ढलपा उडाला. मग हात थांबवून त्याने हळूच विचारलं, "तुला न्हाई वाटत?"

"लई वाटायचं. पाचोळा वाजला तरी छातीत धडधडायचं. मग येक दिस देवालाच म्हनलं, माझ्यानं आता पेलत न्हाई. त्येंच्यापाशी तू ऱ्हा, मी हितं वाट बघते. तवापासनं झोप लागती." तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आन् आबा, त्येंनी जल्मात आपल्या घराला दार बघितलं न्हाई. आलं, आन् बंद दार दिसलं, तर म्हनतील, ह्ये माझं घर न्हवं. तसंच फुडं निघून जातील."

"खुळी हाईस," सहादेव म्हणाला. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

दिवस कलला होता. घोडेगावच्या रस्त्यावर एक माणूस दिसला. अंगात खाकी कपडे, खांद्याला पिशवी. जवान म्हणावा तर जवान, पोस्टाची तार आणणारा म्हणावा तर तारवाला. इतक्या लांबून दोघे सारखेच दिसतात.

सहादेवच्या हातातली पटाशी गळून पडली. "इकडं नको," तो पुटपुटला, "देवा, इकडं नको."

साळू उंबऱ्यावर येऊन उभी होती. तिने पदर सारखा केला आणि पोराचं तोंड रस्त्याकडे वळवलं. तिचेही ओठ हलत होते. सहादेवला फक्त एक शब्द ऐकू आला. "या."

माणूस चालत चालत रस्त्यावरच्या वडापर्यंत आला, थांबला आणि मळ्यांच्या वाटेला लागला. थोड्या वेळाने दिसेनासा झाला.

सहादेवने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याचं लेकीकडे लक्ष गेलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती अजून वडाकडेच बघत होती. त्याला टळलं म्हणून बरं वाटलं होतं, तिचं हुकलं होतं. एकाच माणसाकडे दोघं बघत होती, ती त्याला बोलावत होती आणि आपण हाकलत होतो, हे त्याला त्या वेळी कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

साळूने डोळे पुसले. ती देवाच्या चौथऱ्याकडे वळली. डोक्यावर छप्पर नसलेला तो काळा देव इथून नुसता ठिपक्याएवढा दिसत होता. तिने पोराचे इवलेसे हात जुळवून धरले.

"बरं," ती घरातल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "मग उद्या."

सहादेवने पटाशी उचलून पिशवीत टाकली. ढलपा उडालेल्या जागेवरून अंगठा फिरवला. पागोटं काढून चौथऱ्याच्या दिशेने वाकला. आज त्याने देवाला 'माझ्या वाटेला जाऊ नको' असं म्हटलं नाही.

दाराचं एक टोक उचलत तो म्हणाला, "साळू, पोराला खाली ठेव आन् ह्या बाजूला जरा हात लाव. गाडीत चढवू."

दार पुन्हा कडब्यावर गेलं. सहादेवने हात झटकले आणि घोडेगावच्या रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं.

"आन् माझं हातरूण हितं उंबऱ्याशीच टाक," तो म्हणाला. "जावई आला तर आदी मला दिसू दे."