ट्रॉलीचा सांधा

विश्वजीतनं लाल ट्रॉलीवरून हात फिरवला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, की असली ट्रॉली अख्ख्या हडपसरात मिळायची नाही. घरची आहे, स्वतःच्या हातची.

त्याची बायको पूर्णिमा ओट्यावर उभी राहून ऐकत होती. लोखंडी अँगल जुळवताना दुसरं टोक तिनंच धरलं होतं, त्यामुळं त्या हातची करामत तिला ठाऊक होती. कोपऱ्याकोपऱ्याला नुसते वेल्डिंगचे टाके. ज्या दांड्यानं ट्रॉली जीपमागं ओढली जाणार होती, त्यालाही तेवढेच. पुरतं वेल्डिंग करायला तो बसला होता, पण रॉड सारखा चिकटायला लागला तसा वैतागून उठला. मग फटींत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वरून रंग दिला. शेजारी त्या रंगाचं कौतुक करून गेले.

ते गेल्यावर तिनं विचारलं, सांधे पक्के कधी करायचे? उद्यापासून लोणी काळभोरच्या मळ्यात शेवंती तोडायला बायका याच ट्रॉलीतून जायच्या होत्या, भर हायवेनं.

विश्वजीत हसला. "बायकाच तर बसायच्यात. त्यांच्यासाठी कशाला एवढं?"

अंगावर पाल पडल्यावर बघावं, तसं पूर्णिमानं त्याच्याकडं पाहिलं. आवाज मात्र चढवला नाही.

"बरं. मग पहिला मान आत्याबाईंचा."

तिनं सासूला हाक मारली. लेकानं केलेली ट्रॉली म्हटल्यावर तुळजाबाई लगबगीनं बाहेर आल्या. चपला काढून ट्रॉलीच्या पाया पडल्या, लुगडं सावरत वर चढल्या आणि मधोमध मांडी घालून बसल्या.

पूर्णिमानं जीपची किल्ली नवऱ्यापुढं धरली. "चला, गाडीतळापर्यंत एक चक्कर मारून आणा त्यांना."

त्यानं किल्ली घेतली नाही. दांड्याकडं पाहिलं, मग आईकडं.

"आई, खाली उतर."

"का रं?"

"रंग ओला हाय अजून."

तुळजाबाईंनी कडेच्या लोखंडावर बोट घासलं आणि उन्हात धरून निरखलं.

"वाळलाय की," त्या म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.