मिठाचा नेम

"कर सही," बाळगोंडा म्हणाले.

धनपालनं कागद घेतला नाही. शिरोड्याच्या किनाऱ्यावर सत्याग्रहात मीठ उचलताना त्याला धरलं, त्याला पंचवीस दिवस झाले होते. वेंगुर्ल्याच्या त्या कोठडीत चौदा जण होते आणि जामीन कुणीच घ्यायचा नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. वडील मात्र बोरगावच्या जमिनीचा उतारा घेऊन, घाट उतरून आले होते. जामीन मंजूर झाला होता. पुन्हा मिठाला हात लावणार नाही, एवढं फक्त लिहून द्यायचं होतं.

"न्हाय आप्पा. तुम्ही जावा परत."

बाळगोंडा गज धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईनं मीठ सोडलंय."

धनपालनं मान वर केली.

"तुला धरल्याचं कळलं त्या दिवसापास्नं. समदं अळणी खाती. परवा हिरीवर चक्कर येऊन पडली. वैद्य म्हणला, असंच चाललं तर लई दिवस काढायची न्हाय."

जैनांच्या घरात कुणी तूप सोडतं, कुणी गूळ. नेम देवापुढं घ्यायचा आणि मुकाट पाळायचा. का म्हणून विचारायची रीत नाही. बाळगोंडांनीही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? एकुलता एक लेक कोठडीत, आणि आई मीठ सोडते. शेंबडं पोरगंसुद्धा कारण सांगेल.

धनपालनं सही केली. उरलेल्या तेरा जणांनी सरकून त्याला दाराकडं वाट करून दिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोटार आंबोलीचा घाट चढत होती. बाळगोंडा तंबाखूच्या रोपांबद्दल बोलत होते, म्हशीबद्दल बोलत होते. धनपाल हूं हूं करत होता. लाज वाटायला हवी होती, तीही वाटेना. आत सगळं बधिर झालं होतं. आई आता नीट जेवेल, एवढ्या एकाच गोष्टीला धरून तो बसला होता.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलायच्या आत, ते घरी पोचले. चंपाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. लेकाला बघून त्या हसल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आधी त्यालाच वाढायला लागल्या. धनपालनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. त्यांचं ताट स्वतः वाढलं. मडक्यातलं चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला ठेवलं.

"आई, आलो न्हवं मी? खा आता मीठ."

चंपाबाईंनी मिठाकडं बघितलं. "हे कुठलं?"

"घरातलंच. बाजारातनं आणल्यालं."

"आणि तुझं कुठाय?"

धनपालला काही कळेना. दारात चपला काढणारे बाळगोंडा तसेच थांबले.

"तू करायला गेलतास ते," चंपाबाई म्हणाल्या. "सरकारचं मीठ सोडलंय मी. माझ्या लेकाच्या हातचं घरात यील, त्या दिवशी खाईन, असा नेम हाय माझा."

त्यांनी ती चिमूट बोटानं अलगद ताटाबाहेर सारली आणि अळणी आमटीत भाकरी कुस्करली.

"चार दिस ऱ्हा. अंगाला जरा अन्न लागू दे," त्या म्हणाल्या. "मग परत कवा जाणार?"