तांदळाची पुरचुंडी

"पायलटला चालते का ही?" हाल्याने ताडीचा ग्लास पुढे केला.

दिपकने ग्लास घेतला आणि अर्धा एका दमात संपवला. "चालते, काका."

हाल्याने दुसरा ग्लास वर्षासमोर धरला. तिने त्यावर तळहात ठेवला.

"बायको लाजते रे तुझी!" हाल्या हसला. तो दिपकच्या बाबांचा, सुदामचा, चुलतभाऊ. दिपक गोव्याहून गंजाडला आला की पाड्यावरच्या सगळ्यांच्या आधी अंगणात हजर.

सुदाम ओट्यावर पाय लांब करून बसला होता. ताडावरून पडल्यापासून तो पाय वाकत नव्हता. "मी ताडावर चढलो नि पडलो," तो म्हणाला. "माझा पोरगा आभाळात चढतो."

दिपकने मान खाली घातली. हे वाक्य बाबा आता वाणगावच्या बाजारातही सांगत होता.

परवा विमान पहिल्यांदा जहाजावर उतरायचं होतं. जमिनीवरच्या धावपट्टीवर सराव झाला होता. भर समुद्रात ही पहिलीच वेळ.

"पण जहाजावर जागा ती केवढी," हाल्या म्हणाला. "विमान थांबतं कसं?"

"आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखाली आकडा असतो. तो तारेत अडकला पाहिजे."

"म्हणजे हळूच टेकवायचं."

"नाही. आपटायचंच. आणि टेकल्या टेकल्या डाव्या हातातला दांडा पुढे रेटून इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा."

"थांबायचं असताना जोर? चढली का रे तुला?"

"आकडा चुकला तर? जोर नसेल तर विमान सरळ पाण्यात. जोर असेल तर पुन्हा उडता येतं. तार धरते की नाही, हे टेकायच्या आधी कळत नाही. खालचा माणूस हात दाखवेपर्यंत जोर कमी करायचा नाही."

वर्षा जमिनीकडे बघत ऐकत होती. 'पूर्ण जोर' म्हणताना तिची डावी मूठ गुडघ्यावरून सरळ पुढे गेली आणि तिथेच थांबली.

चुलीपाशी दिपकच्या आईचा, भिकीचा, भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"काय गं, झोपलीस?" सुदाम ओरडला.

"तुमच्या पायलटचं ऐकत होते," भिकी म्हणाली.

"आणि तुम्ही काय करता तिकडे, सूनबाई?" हाल्याने विचारलं.

"ती पण तिथेच आहे," दिपक घाईने म्हणाला.

जेवण झाल्यावर वर्षाने त्याला घरामागे गाठलं. "सांगितलंस?"

"बाबांचा चेहरा बघितलास ना? कसं सांगू?"

"आणि परवा काही झालं तर? मग कळायचं त्यांना?"

"तसं बोलू नकोस."

"रिक्षा येईपर्यंत वेळ आहे तुला," ती म्हणाली आणि पिशव्या भरायला आत गेली.

दिपक अंगणात आला. सुदामने त्याला शेजारी बसवलं, त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "पाय गेला तेव्हा वाटलं, आता कुणी मान वर करून आपल्या घराकडे बघणार नाही. तू बघायला लावलंस."

दिपकने तोंड उघडलं. समोर हाल्या दात कोरत ऐकत होता. दिपकने तोंड मिटलं.

रिक्षाचा हॉर्न वाजला.

भिकी घरातून आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली तांदळाची पुरचुंडी होती. सुदाम ताडावर चढायचा तेव्हा ती अशीच पुरचुंडी त्याच्या कमरेला खोचायची. जिवावरच्या कामाला निघालेल्या माणसाबरोबर घरचे तांदूळ असावेत, म्हणजे तो जेवायला घरी परततो, असं ती मानायची. ज्या दिवशी सुदाम पडला, त्या दिवशी ती माहेरी होती.

सगळे बघत होते. दिपकने हात पुढे केला.

भिकीने तो हात हलकेच बाजूला सारला आणि पुरचुंडी वर्षाच्या डाव्या मुठीत दाबली.

"टेकलीस की पूर्ण जोर दे गं, पोरी," ती म्हणाली. "खालच्या माणसाने हात दाखवेपर्यंत कमी करू नकोस."