गावाकडचं पान

ठमाबाईंच्या हातातला तांब्या निसटला आणि पाणी नवऱ्याच्या, सावळीरामांच्या पाटापर्यंत वाहत गेलं.

हृदयाचं ऑपरेशन होऊन सावळीराम त्याच सकाळी इस्पितळातून मखमलाबादच्या मळ्यातल्या घरी आले होते. आजचा स्वयंपाक सुनेनं मागून घेतला होता. देवयानी मॉरिशसची, लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच उन्हाळा. "आमच्याकडे आनंदाच्या दिवशी करतात ते करते," ती म्हणाली होती. आता मरणाच्या दारातून परतलेल्या माणसापुढे, केळीच्या पानावर, तिनं वाढलं होतं ते असं : मध्ये भोक पाडलेले उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी.

पंगतीच्या टोकाला आणखी एक पान वाढलेलं होतं. तिथल्या पाटावर कुणीच नव्हतं.

"अगं बाई, हे तर पित्तरांचं जेवण हाय!" विचारपूस करायला आलेल्या शेजारच्या सरुबाई उंबऱ्यातच थबकल्या. "कावळ्याला हाक मारायची तेवढी राहिली."

"आई, माझ्याकडून काही अपराध झाला का?" देवयानीचं मराठी शाळेत शिकलेलं, पुस्तकी. मदतीला नवरा, संतोषही नव्हता; तो तिच्या वडिलांना खुशाली कळवायला नाक्यावरच्या फोन बूथवर गेला होता.

"जित्या माणसापुढं श्राद्ध वाढलंस!" ठमाबाई ओरडल्या. "अन् ते पान? ते कुणाचं मांडलंस? बोल!"

"गावाकडच्यांचं."

कुणाला काही उमगलं नाही. देवयानीनं पळी खाली ठेवली.

"पणजोबा इथून बोटीनं मॉरिशसला गेले. मागे कोण आहे, कोण गेलं, तिथं काही कळत नसे. म्हणून घरात आनंद झाला की पणजी आधी त्यांच्यासाठी हे रांधायची. एक पान त्यांचं, मग सगळ्यांनी तेच जेवायचं. पुढे वड्यांत तमिळ शेजारणीची मिरी आली, खिरीत क्रिओल सुईणीनं व्हॅनिला घातलं. ते पान मात्र राहिलं. आता आम्ही वाढदिवसालाही हेच करतो."

"गावाकडचे म्हणजे कोण, पोरी?" सावळीरामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"इथले," ती म्हणाली. मग अडखळत, "तुम्ही सगळे."

सरुबाईंचा हात तोंडावर गेला. "म्हंजी इतकी वर्षं तिकडं आपलीच पित्रं घालत होते?"

सावळीरामांनी वडा मोडला. "खाऊ नका," म्हणायला निघालेल्या ठमाबाई थांबल्या. त्या नुसत्याच टोकाच्या पानाकडे पाहत राहिल्या. खिरीवर साय धरू लागली होती.

ओला पदर पिळून त्या उठल्या आणि त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसल्या.

"गार झाली बघ," सुनेकडे न पाहता त्या म्हणाल्या. "जरा ऊन वाढ."