बारशाआधीचा थेंब

पाळणा सजला होता, तरी मैथिलीला भाचीचं नाव ठेवता येईना. बाळाच्या रक्ताच्या थेंबाचा निकाल आल्याशिवाय हल्ली मुलीचं बारसं होत नसे.

लस घेऊन घरी आलेल्या सिस्टरने फोनवर निकाल पाहिला. “हॉर्मोनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीत हॉर्मोन पकडणारा भाग, वेगळा आहे. पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त. पण आत्ताच लस दिली की काळजी नाही.”

मैथिलीच्या आईने सुनेकडे, ऋजुताकडे पाहिलं. “हिच्या मावशीला झाला होता. आमच्या घराण्यात असलं काही नाही!”

ऋजुता मान खाली घालून बाळाचं टोपडं बांधत राहिली.

“काकू, हा बदल बाळाच्या वडिलांकडून आलाय,” सिस्टर लस टोचत म्हणाली.

“काहीतरीच! बायकांचा आजार बापाकडून कसा येईल?”

“बापाच्या अंगात तो गुपचूप बसतो. त्याच्या बहिणीतही असू शकतो.”

बाळ रडलं. मैथिलीचा हात नकळत पदराखाली गेला. तिथे महिनाभर गाठ लागत होती, पण आपल्या घराण्यात हे नाही म्हणून ती गप्प होती.

तिने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. जमलेल्या बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“ऋजुता, उद्या दवाखान्यात माझ्याबरोबर येशील?”

ऋजुताने पदराखालचा तो हात पाहिला.

“उद्या कशाला, वन्सं? सिस्टरच्या गाडीतून आत्ताच जाऊ. बाळाला आई बघतील.”

आईने पाळण्याची दोरी हातात घेतली.