दोन-सहा

डॉ. शालन रणपिसे यांनी टेबलावर हात ठेवला आणि समोर बसलेल्या अफशीनने तो सरळ धरला.

मुलाखतीत असं काही अपेक्षित नव्हतं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मास्टर्ससाठी जागा बारा, दाराबाहेर उमेदवार पन्नासच्या आसपास. विभागप्रमुख असलेल्या रणपिसे मॅडम पेशंट व्हायच्या, म्हणजे घरच्यांनी बळेच आणलेली, तोंड न उघडणारी बाई. उमेदवाराने तिला चार मिनिटांत बोलतं करायचं. शेजारी आमोद सर घड्याळ लावून गुण देत होते.

अफशीनने मात्र मॅडमची बोटं एकत्र गोळा केली, अंगठा तळव्यात मुडपला, सांध्यांवरून एकदा आपला हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, "दोन-सहा."

आमोद सरांनी गुणांच्या कागदावर दोन-सहा कुठे दिसतं का ते पाहिलं.

"काय दोन-सहा?" मॅडमनी विचारलं.

अफशीनने हात चटका बसल्यासारखा सोडला. "साइझ, मॅडम. बांगडीचा. सॉरी. रविवार पेठेत अम्मीचं बांगड्यांचं दुकान आहे. शाळेत होते तेव्हापासून मी तिथे बांगड्या भरते. समोर हात आला की..."

"पेशंटचा हात न विचारता धरत नाहीत. हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. प्रवेश मिळालेल्यांना."

अफशीनने मांडीवरची पर्स जवळ ओढली. मागच्या वर्षी याच खुर्चीत बसून तिने पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून टाकलं होतं आणि तशीच घरी परतली होती. आज जमलं नाही, तर सोमवारी खराडीतल्या एका कंपनीत एचआरच्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पत्र पर्समध्येच होतं. घाबरल्यामुळे ती खरं बोलून गेली.

"दुकानातही विचारूनच धरतो, मॅडम. आज घाबरले म्हणून चुकलं."

"हात धरून कळलं काय पण?" आमोद सरांना आता मजा वाटू लागली होती.

"हात घट्ट आहे. असा हात आला की आम्ही बांगडी ढकलत नाही. ढकलली की फुटते, आणि बाईला लागतं ते वेगळंच. हात सैल व्हायची वाट बघतो. बाई आपणहून काहीबाही बोलायला लागते, तेव्हा होतो सैल."

"आणि नाही बोलली तर?" मॅडम म्हणाल्या.

"तर त्या दिवशी बांगड्या भरत नाही. चहा पाजतो, उद्या या म्हणतो."

मॅडमनी चष्मा पुसला. "कर मग. हात न धरता."

अफशीनने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मॅडम पुन्हा पेशंट झाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. एक मिनिट गेलं. सकाळपासूनच्या उमेदवारांपैकी कुणाला दहा सेकंदही ही शांतता सोसली नव्हती. अफशीन बसून राहिली. दुसरं मिनिट संपलं. आमोद सर खाकरले, तिने तिकडे पाहिलं नाही. मॅडमची बोटं टेबलावर ताल धरून वाजत होती, ती हळूहळू थांबली.

"मुलीने आणलंय मला," मॅडम म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही."

"बरं," अफशीन म्हणाली. आणि पुन्हा गप्प बसली.

"तिला वाटतं, मी कुणाशी बोलत नाही. आता ती तिकडे बंगळूरला. बोलायचं कुणाशी? कुकरशी?"

अफशीनला हसू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मॅडमही हसल्या. मग त्या बोलतच राहिल्या. मुलीच्या खोलीबद्दल, रविवारी चुकून जास्त होणाऱ्या पोह्यांबद्दल. आमोद सरांनी हातातला कागद पाहिला. कागदावरच्या पेशंटला मुलगी नव्हती. त्यांनी घड्याळ उचललं आणि हळूच उलटं ठेवलं.

बऱ्याच वेळाने मॅडमना खोलीचं भान आलं. त्यांनी पदर सारखा केला. "ठीक आहे. पुढच्या उमेदवाराला पाठव."

अफशीन दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. "आणि मला दोन-चार लागते. लग्नापासून."

"दोन-चार चढेल, मॅडम," अफशीनच्या तोंडून निघून गेलं. "उतरणार नाही."

आमोद सरांना ठसका लागला.

पाच वाजता यादी लागली. नववं नाव, अफशीन मणियार. तिने ते तीनदा वाचलं, मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलीकडून एकदा वाचून घेतलं. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने दुकानात फोन लावला.

"अम्मी!"

"ठैर," नसीमबानूंचा आवाज लांबून आला. फोन स्पीकरवर होता. "दुल्हन का हाथ है. चार बाकी हैं."

नवरीचा चुडा अर्धा भरून हात सोडायचा नाही, हे अफशीनला नव्याने सांगायची गरज नव्हती. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. तिकडे काच किणकिणली. एक. नवरी "आई गं" म्हणाली, कुणीतरी तिची थट्टा केली. दोन. "हात सैल सोड बाळा, सासरी जायला अजून चार दिवस आहेत," अम्मी ग्राहकासाठीच्या मराठीत म्हणाली. बायका खळखळून हसल्या. तीन. अफशीनने श्वास रोखला. चार.

पाणी सोडल्याचा आवाज आला. अम्मीने हात धुतले असावेत. मग फोन उचलला गेला.

"हां बेटा. अब बोल."

इतकं सगळं ओठांवर आलेलं, पण अफशीनला बोलताच येईना. ती रडत होती आणि हसत होती.

पलीकडून अम्मीने काहीच विचारलं नाही. ती थांबून राहिली.