वाटीभर मलम

अंबूबाईनं आणलेली मलमाची वाटी मी नाकाशी धरली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कुत्रीला खरूज झाली होती. खाजवून पाठ सोलली होती. पण आम्ही जैन. मोहोळाचं मेण आमच्या उंबऱ्याआत चालत नाही, आणि हिचा नवरा मोहोळं काढणारा. "करंजाचं तेल, हळद, कडुनिंब. मेण न्हाई," ती म्हणाली. "मग घट्ट कशानं झालं?" मी बोटानं थोडं काढून तळहातावर चोळलं. वास ओळखीचा निघाला. तूप! हिची म्हैस दिवाळीतच विकली होती. "तूप कुठनं आणलंस?" माझा आवाज चढला. "तुमीच दिल्यालं की, गुणमालाक्का. सुनंच्या बाळंतपणाला." "आणि ते कुत्रीच्या मलमात घातलंस?" "घट्ट व्हायला सगळी मेणच घालत्यात. तुमास्नी चालत न्हाई, मग काय करू? सून तेलावर भागवंल. कुत्री लय कळवळतीया. आता हुंगत बसू नगा, लावा."